पोटापुरते म्हणजे किती?

१९२३ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा एक अहवाल छापला. कार्यालयाचे संचालक होते जी. फिंडले शिरास, आकड्यांत रमणारे गोरे अधिकारी. १९२१-२२ च्या वर्षभरात त्यांच्या माणसांनी मुंबईतल्या सुमारे अडीच हजार कुटुंबांकडून तांदूळ किती, सरपण किती, खोलीचे भाडे किती, सावकाराचे व्याज किती, हे सगळे उतरवून घेतले. ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. ४७ टक्के कर्जात होती. या दोन्ही गोष्टी गिरणगावाला नव्या नव्हत्या. नवे होते ते तिसरे निरीक्षण. मुंबईचा कामगार खातो तेवढे धान्य सरकारच्या दुष्काळसंहितेत ठरलेल्या कमाल शिध्याइतके भरत होते, आणि मुंबईच्या तुरुंगाच्या नियमपुस्तिकेत कैद्याला ठरवून दिलेल्या धान्यापेक्षा ते कमी होते.

हे कुणा पुढाऱ्याच्या भाषणातले वाक्य नव्हते. सरकारी छापखान्यात छापलेल्या कागदावर सरकारच्याच माणसाने ते लिहिले होते. दिवसभर साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या ताटात चोरी करून आत गेलेल्या माणसाच्या ताटापेक्षा कमी पडते, हे एकदा अधिकृतपणे नोंदले गेल्यावर पुढचा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिला नाही. कायद्याने एखादी किमान मजुरी ठरवायचीच असेल, तर ती जगण्याला पुरेल एवढी असावी की नको?

तत्त्व म्हणून विचारले तर याला ‘नको’ म्हणणारा माणूस भेटणे कठीण. कारखानदार, मंत्री, न्यायाधीश, अर्थतज्ज्ञ, सगळे मान डोलावतात. ‘असावी’ एवढे एकमताने ठरवून गेल्या शंभर वर्षांत कित्येक परिषदा उठल्या आहेत. भांडण त्यानंतर सुरू होते, आणि ते तत्त्वाचे नसून हिशेबाच्या रकान्यांचे असते. कुटुंबात माणसे किती धरायची? त्यांना उष्मांक किती लागतात? भाडे कुठल्या शहरातले घ्यायचे? आजारपण खर्चात येते की नशिबात? बायकोची मजुरी नवऱ्याच्या हिशेबात मिळवायची की नाही? ‘जगण्यापुरते’ या शब्दाचा खरा अर्थ या रकान्यांत ठरतो. म्हणूनच पुढील पानांत घोषणांपेक्षा बेरजा-वजाबाक्या जास्त आढळतील आणि वाचकाने त्यांना कंटाळू नये, ही पहिली विनंती.

अशी बेरीज भर न्यायालयात प्रथम मांडली गेली ती ऑस्ट्रेलियात, १९०७ साली. ह्यू मॅके नावाचा कारखानदार मेलबर्नजवळ ‘सनशाइन हार्वेस्टर’ ही पीककापणीची यंत्रे बनवत असे. परदेशी यंत्रांवर जकात लावून सरकारने त्याला संरक्षण दिले होते, आणि कामगारांना ‘न्याय्य आणि वाजवी’ मजुरी दिली तरच त्याला स्थानिक करातून सूट मिळणार होती. वाजवी म्हणजे किती, हे कायद्यात कुठेच लिहिलेले नव्हते. न्यायमूर्ती हिगिन्स यांच्यासमोर प्रश्न आला तेव्हा त्यांनी मॅकेच्या नफ्याची वही बाजूला ठेवली आणि कामगारांच्या बायकांचे घरखर्च पुढे घेतले. भाडे, किराणा, पाव, मांस, दूध, सरपण, भाजी. त्यानंतर त्यांनी या यादीत काय आलेच नाही तेही नोंदवले: कपडे, बूट, दिवाबत्ती, ट्रामचे भाडे, वर्तमानपत्र, शिवणयंत्र, मुलांच्या शाळेचे साहित्य, आजारपण, मरण. नवरा, बायको आणि तीन मुले एवढे कुटुंब धरून अकुशल कामगाराला दिवसाला किमान सात शिलिंग मिळाले पाहिजेत, असा निकाल त्यांनी दिला. मॅके सहा देत होता.

पुढच्याच वर्षी ज्या करकायद्यावर हा निकाल उभा होता तो घटनाबाह्य ठरला आणि मॅकेला सात शिलिंग द्यावे लागले नाहीत. तरीही हिगिन्सचे गणित मेले नाही. त्या देशातल्या मजुरीची पायाभूत पातळी पुढची अनेक दशके त्याच निकालावरून मोजली गेली. मात्र या गणितात एक खोटही होती. कुटुंब पुरुष पोसतो, हे त्यात गृहीत धरले होते. त्यामुळे ‘हिला कुठे कुटुंब पोसायचे आहे’ असे म्हणत स्त्रियांची पायाभूत मजुरी पुरुषांच्या साधारण ५४ टक्क्यांवर बसवली गेली. रकाना भरताना कुणाला कमावते आणि कुणाला खाते धरले, याचे परिणाम किती दूर जातात, ते इथे दिसते.

भारतात किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात आले ते एप्रिल १९४६ मध्ये. ते मांडणारे मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कायदा व्हायला १९४८ उजाडले. तोवर ते कायदामंत्री झाले होते आणि मजूरखाते जगजीवन राम यांच्याकडे होते. कायद्याच्या परिशिष्टातली कामे वाचली की त्याचा रोख कळतो: विड्या वळणे, खडी फोडणे, भातगिरण्या, डाळगिरण्या, कातडी कमावणे, अभ्रक, लाख, रस्तेबांधणी, शेतमजुरी. संघटित गिरणी कामगार संप करून आपला दर मिळवू शकत होता. १९४७ च्या निवाड्यात मुंबईच्या गिरण्यांत २६ दिवसांना ३० रुपये असे मूळ किमान वेतन ठरलेही होते. ज्यांना संप करण्याचीसुद्धा ऐपत नाही, त्यांच्यासाठी हा कायदा होता.

त्यात एकच गोष्ट नव्हती. किमान वेतन म्हणजे काय, याची व्याख्या.

ती पोकळी भरायला उचित वेतन समिती बसली आणि १९४९ मध्ये तिने तीन पायऱ्या सांगितल्या. वरची निर्वाह वेतनाची, म्हणजे माणसासारखे, थोडी शिल्लक टाकून जगता येईल अशी. मधली उचित वेतनाची, जी उद्योगाच्या ऐपतीनुसार हलेल. आणि खालची किमान वेतनाची. पण खालची म्हणजे फक्त जीव धरून ठेवणारी नव्हे, असेही समितीने बजावले. कामगाराची कार्यक्षमता टिकावी, थोडे शिक्षण, थोडे औषधपाणी आणि काही सोयी यांना ती पुरली पाहिजे. वर्षभराने राज्यघटना लागू झाली आणि तिच्या ४३ व्या कलमात निर्वाह वेतनाचे वचन आले. कलम मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने ते घेऊन थेट न्यायालयात मात्र जाता येत नाही.

आकड्यांपर्यंत मामला पोचला तो जुलै १९५७ मध्ये, दिल्लीत भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत. सरकार, मालक आणि कामगार अशा तिन्ही बाजू होत्या, मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा होते, आणि ठराव एकमताने झाला. एका कमावत्यामागे तीन खाणारे एकक: पुरुष १, बायको ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६. प्रत्येक एककाला दिवसाला २७०० उष्मांक. हा आकडा डॉ. वॉलेस आक्रॉइड यांचा. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे ते एकेकाळचे संचालक. कापड माणशी वर्षाला १८ वार, म्हणजे चौघांना ७२ वार. सरकारी औद्योगिक घरांचे जे किमान भाडे असेल ते. सरपण, दिवाबत्ती आणि किरकोळ यांसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. बायकोची किंवा मुलांची कमाई यात धरायची नाही. आणि कुठे यापेक्षा कमी दर ठरवलाच, तर तो का ठरवला हे ठरवणाऱ्याने पटवून द्यायचे.

एवढे स्वच्छ गणित भारतीय मजुराच्या वाट्याला त्याआधी आले नव्हते. ते पहिल्यांदा नाकारले कुणी, तर सरकारनेच. दुसऱ्या वेतन आयोगाने १९५९ मध्ये केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याला ७० रुपये पगार आणि १० रुपये महागाई भत्ता सुचवला. परिषदेच्या निकषांनी येणारी रक्कम देशाला परवडणारी नाही, असे आयोगाचे मत पडले. जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांनी संप केला, सरकारने वटहुकूम काढून तो मोडला. १९ सप्टेंबर १९६८ ला गरजेवर आधारित किमान वेतनासाठीच पुन्हा एक दिवसाचा लाक्षणिक संप झाला. त्याच्यावरही वटहुकूम निघाला.

पुढे मात्र या कर्मचाऱ्यांनी आपले म्हणणे पदरात पाडून घेतले. सातव्या वेतन आयोगाने आक्रॉइडचे तेच सूत्र उघडून त्यात बाजारभाव भरले, कौशल्याचा काही वाटा वर चढवला आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन १८,००० रुपये झाले. जून २०१७ मध्ये त्याच केंद्र सरकारने देशातल्या मजुरांसाठी सुचवलेली तळाची पातळी होती दिवसाला १७६ रुपये. २६ दिवस भरले तर ४,५७६.

राज्यांचे दर या तळापेक्षा बहुधा वर असतात आणि हा तळ तेव्हा कुणावर बंधनकारकही नव्हता, हे खरे. सरकारी नोकर आणि बांधकामावरचा बिगारी यांच्या कामाची तुलना होत नाही, हेही मान्य. पण इथे तुलना कामाची नाहीच. २७०० उष्मांक शिपायाच्या पोटाला लागतात तेवढेच बिगाऱ्याच्या पोटाला लागतात, किंबहुना डोक्यावर घमेले असल्याने त्याला जास्त लागतात. सरकारने आपल्या माणसासाठी पोटाचा हिशेब मांडला आणि परक्यासाठी बाजाराचा. या विषयावरचे सगळे गोल गोल बोलणे या दोन आकड्यांपुढे थांबते.

न्यायालये या बाबतीत सरकारच्या पुष्कळ पुढे गेली. क्राउन ॲल्युमिनियमच्या खटल्यात १९५७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतन देण्याची ऐपत नसलेल्या उद्योगाला जगण्याचा हक्क नाही. रेप्टाकॉस ब्रेट या औषध कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात १९९१ मध्ये श्रम परिषदेच्या १९५७ च्या यादीत आणखी एक ओळ वाढली. मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, करमणूक, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के. न्यायमूर्तींनी मजुराच्या घरात दिवाळी असते, हे नोंदवले म्हणायचे.

याहून मोठी उडी १९८२ ची. दिल्लीत आशियाई खेळांसाठी स्टेडियम आणि उड्डाणपूल उभे राहत होते. मजुरांचा किमान दर दिवसाला सव्वानऊ रुपये होता आणि त्यातला एक रुपया मुकादम आपल्या दलालीचा म्हणून कापून घेत होता. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाने या एका रुपयाला घटनेच्या २३ व्या कलमापर्यंत नेले. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करणारा माणूस स्वखुशीने करत नसतो, भूक त्याच्याकडून करून घेते, म्हणून ती वेठबिगारी आहे. पुढच्या वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांनाही हाच न्याय लागला. दुष्काळात काम देतो आहोत हा उपकार आहे, त्यामुळे कमी दिले तरी चालते, हे सरकारचे म्हणणे न्यायालयाने ऐकून घेतले नाही.

तरीही या निकालांत एक फट राहिली आहे. ठरलेला दर न देणे ही वेठबिगारी. पण दरच मुळात पोटाला न पुरणारा ठरवला असेल तर? दर ठरवणे राज्य सरकारच्या हाती, सल्लागार समितीच्या शिफारशीवर, आणि तो पाच वर्षांच्या आत सुधारावा असे कायद्याने सांगूनही अनेक धंद्यांत दशक-दशक फाइल हलत नसे. शिवाय १९४८ च्या कायद्यात कमी मजुरी देणाऱ्याला कमाल दंड होता ५०० रुपये. सात दशके तो तेवढाच राहिला. कापलेल्या मजुरीच्या मानाने हा दंड धंद्याच्या किरकोळ खर्चात सहज मावत असे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या सगळ्या वादाचा उत्तम नमुना एकाच माणसाच्या नावाभोवती सापडतो. वि. स. पागे. तासगावकडचे गांधीवादी कार्यकर्ते, विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती, रोजगार हमी योजनेचे जनक. मागेल त्याला काम हे सरकारचे कर्तव्य आहे, ही कल्पना १९७२ च्या दुष्काळाआधी त्यांनी मांडली आणि दुष्काळाने ती राज्यभर पोचवली. लाखो माणसे खडी फोडत, पाझर तलाव खणत त्या वर्षांतून तगली. योजनेचा कायदा पुढे १९७७ मध्ये झाला, आणि शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसायकराने तिचा खर्च चालवला. अशी व्यवस्था तेव्हा देशात दुसरी नव्हती.

शेतमजुरांचे किमान वेतन सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्षही हेच पागे. समितीच्या हिशेबातून आलेला दर दिवसाला चार रुपयांच्या घरातला होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वर्धा जिल्ह्यात काम करणारे तरुण डॉक्टर अभय बंग यांनी तो हिशेब तपासायला घेतला. शेतमजुराला किती उष्मांक लागतात, त्याच्या घरात खाणारी तोंडे किती, यांचे रकाने पुन्हा भरले तेव्हा त्यांचे उत्तर आले १२ रुपये. चार आणि बारा. दोन्ही बाजूंचा हेतू मजुराचे भले करण्याचा, दोघांच्या हाती गणितच, आणि उत्तरात तिपटीचा फरक. पागे यांच्या सचोटीबद्दल कुणी शंका घेतलेली नाही, आणि घेऊही नये. समितीच्या मनात ‘राज्याला आणि शेतकऱ्याला झेपेल का’ हा प्रश्न आधी आला असावा आणि पोटाचा रकाना त्याच्या मापाने भरला गेला असावा, असे मात्र वाटत राहते.

पण गोष्ट इथेच थांबवली तर अर्धीच सांगितल्यासारखे होईल. १९८८ च्या मध्यावर राज्याने शेतमजुरीचा किमान दर दुप्पट केला आणि त्याबरोबर रोहयोवरची मजुरीही सहाची बारा झाली. मजुरांची हजेरी वाढायला हवी होती. ती घटली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी पुढे आकडे तपासले तेव्हा कारण दिसले: मजुरी दुप्पट झाली, निधी त्या प्रमाणात वाढला नाही, आणि नवी कामे निघेनाशी झाली. कागदावर हमी होती, मस्टरवर नाव नव्हते. जगण्यापुरती मजुरी मागणाऱ्याने हे प्रकरण लपवू नये. दर वाढवायचा आणि पैसा वाढवायचा नाही, हा सरकारचा जुना हातखंडा आहे. पुढे केंद्राच्या मनरेगाची मजुरीही राज्याच्या किमान वेतनापासून वेगळी ठरत आली. २००९ पासून केंद्राने ती तोडून घेतली. महाराष्ट्रात २०२४-२५ साठी ती दिवसाला २९७ रुपये होती.

अर्थशास्त्रातला मुख्य आक्षेप याच जातीचा आहे. मजुरी कायद्याने चढवली की मालक माणसे कमी घेतो, आणि सगळ्यात कमी कौशल्याचा, सगळ्यात गरजू माणूस आधी बाहेर पडतो. पाठ्यपुस्तकांत बरीच वर्षे हे जवळपास सिद्धांतासारखे शिकवले गेले. १९९२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केले, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केले नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हींकडच्या चारशेहून अधिक बर्गरच्या दुकानांत नोकऱ्या मोजल्या. न्यू जर्सीत त्या घटल्याच नव्हत्या. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले, क्रूगर त्याआधी दोन वर्षे वारले होते. त्यानंतरचा वाद संपलेला नाही, पण ‘मजुरी वाढली की काम जाणारच’ हे वाक्य आता पुराव्याशिवाय टाकता येत नाही.

तरी बर्गरच्या दुकानाचा धडा विदर्भातल्या कपाशीला जसाच्या तसा लागू होत नाही. तिथला मालक म्हणजे चार एकरवाला शेतकरी. कापूस वेचणीला बाया सांगताना तोही वर्षअखेर हातात काय उरणार याच्या घोरात असतो. शेतमालाचा भाव वाढला की मजुरी देता येईल, हे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्य होते. पण उलट दिशेनेही पाहायला हवे. केरळात २०२२-२३ मध्ये पुरुष शेतमजुराची सरासरी मजुरी ७६४ रुपये होती आणि मध्य प्रदेशात २२९, असे रिझर्व्ह बँकेची आकडेवारी सांगते. मध्य प्रदेशचा शेतकरी त्यामुळे केरळच्या तिप्पट सुखी झाला आहे, असे कुणी म्हणणार नाही. स्वस्त मजुरीने शेती वाचत असती तर मराठवाडा केव्हाच वाचला असता.

मराठवाड्याचे नाव निघाले की ऊसतोड आली. बीड आणि भोवतालच्या जिल्ह्यांतून दर दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या फडांवर जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मोजमाप दिवसाचे नाही, टनाचे. नवरा ऊस तोडतो, बायको साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये चढवते, आणि दर दोघांना मिळून एक. १९५७ च्या हिशेबात एका कमावत्यामागे खाणाऱ्यांचे तीन एकक धरले होते आणि बायकोची कमाई मोजू नका असे बजावले होते. फडात हे गणित उलटे होते: दोन कमावते मिळून मजुरी एक. एका कोयत्याचा दिवस पहाटे सुरू होऊन गाडी भरेपर्यंत चालतो, तो कधी रात्री दोनलाही संपतो. कामाचे तास कुणी मोजत नसल्याने तासाचा दरही निघत नाही. खाडा पडला तर पैसे मिळणे दूरच, मुकादमाला भरून द्यावे लागतात.

दर ठरतो तोही सल्लागार मंडळात नव्हे. संप, साखर संघ, संघटनांचे पुढारी आणि लवाद यांच्या बैठकांतून तो निघतो. जानेवारी २०२४ मध्ये असाच एक करार होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. वाढ चांगली होती. पण त्या बैठकीत ‘या दरात चार माणसांचे वर्ष निघते का’ हा हिशेब टेबलावर आला असेल, असे मानायला जागा नाही. मागचा दर किती होता आणि कारखान्यांना किती झेपेल, यांच्या मधला आकडा तिथे काढला जातो. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा तोच मुकादम. १९८२ च्या निकालाची कसोटी महाराष्ट्रात कुठे लावायची असेल तर ती इथे.

शहरातल्या मजुराची गोष्ट वेगळी दिसते. त्याला परिमंडळ असते, मूळ दर असतो, सहा महिन्यांनी महागाई निर्देशांकाबरोबर सरकणारा विशेष भत्ता असतो. साठाहून जास्त उद्योगधंद्यांची दरपत्रके राज्याच्या कामगार खात्याकडे आहेत. कंत्राटी सफाईवाला किंवा सुरक्षारक्षक या दराने खात्यात पगार घेतो आणि त्यातला काही भाग रोखीने ठेकेदाराला परत देतो, हा प्रकार कुठल्याही मोठ्या शहरात ऐकायला मिळतो. कागद निर्मळ असतो. आणि ज्यांना वेतनच नसून मानधन मिळते, त्या आशा आणि अंगणवाडी सेविकांना तर हे दरपत्रक लागूच होत नाही. गावातली बाळंतपणे आणि लसीकरण ज्यांच्या जिवावर चालते त्या बायका सरकारी नोंदीत स्वयंसेविका आहेत.

केंद्राने १९४८ चा कायदा आणि आणखी तीन कायदे एकत्र करून २०१९ मध्ये वेतन संहिता केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. तिच्यात दोन चांगल्या गोष्टी आहेत. किमान वेतन आता ठरावीक धंद्यांच्या यादीपुरते राहिलेले नाही, आणि केंद्राने ठरवलेल्या तळाखाली कुठल्याही राज्याला जाता येणार नाही. दंडही पाचशेवरून पन्नास हजारांपर्यंत गेला आहे. तळ किती असावा, हे सांगायला अनूप सत्पथी यांची समिती बसली होती. तिने फेब्रुवारी २०१९ च्या सुमारास उत्तर दिले: जुलै २०१८ च्या भावांनी दिवसाला ३७५ रुपये, महिन्याला ९,७५०, आणि शहरात घरभाड्याचे १,४३० वेगळे. खाणारे एकक तिने तीनऐवजी ३.६ धरले, उष्मांक मात्र २७०० वरून २४०० वर आणले आणि प्रथिने व स्निग्धांश यांची मापे जोडली. या शिफारशीवर निर्णय करण्याऐवजी सरकारने जून २०२१ मध्ये अजित मिश्रा यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती नेमली.

२०२० मध्ये जाहीर झालेल्या संहितेच्या मसुदा नियमांतली एक ओळ मात्र प्रत्येक मुंबईकराने वाचावी अशी आहे. एकक तीन, उष्मांक २७००, कापड वर्षाला ६६ मीटर (१९५७ चे ७२ वारच मीटरमध्ये बदललेले). घरभाडे: अन्न आणि कापडावरच्या खर्चाच्या १० टक्के. इंधन, वीज, किरकोळ: किमान वेतनाच्या २० टक्के. शिक्षण, औषध वगैरे: २५ टक्के. ही टक्केवारी एकत्र मांडली तर असे दिसते की एकूण वेतन अन्न-कापडाच्या बरोबर दुप्पट येते आणि भाडे त्या वेतनाच्या पाच टक्के. म्हणजे २०,००० रुपयांचे किमान वेतन ठरले तर त्यात घरासाठी १,००० रुपये. एवढ्यात गोवंडीत किंवा पिंपरीच्या झोपडपट्टीत कुणी खोली दाखवून द्यावी. डिपॉझिटची गोष्ट तर सोडूनच द्या. १९५७ च्या ठरावाने भाडे सरकारी औद्योगिक वसाहतीतले धरले होते, कारण सरकार कामगारांसाठी घरे बांधणार होते. घरे बांधणे थांबले, तरी हिशेबात भाडे तेवढेच स्वस्त राहिले.

तेव्हा किमान वेतन जगण्यापुरते असावे की नाही, यावर पुन्हा एकदा परिसंवाद घेण्याची गरज नाही. ते असावे. छोट्या शेतकऱ्याला किंवा हातमागवाल्याला ते झेपत नसेल तर फरक सरकारने उघडपणे भरावा, शेतमालाच्या भावातून किंवा रेशन, शाळा आणि दवाखान्यातून. आज तो फरक मजुराच्या ताटातून गुपचूप वळता होतो आहे. संहितेनुसार बसणाऱ्या सल्लागार मंडळांत मालक, कामगार आणि स्वतंत्र सदस्य असतील आणि एक तृतीयांश जागा स्त्रियांच्या असतील. या मंडळांपुढे तीन मागण्या आताच ठेवता येतात. भाड्याचा रकाना प्रत्येक शहरातल्या खऱ्या भाड्याने भरावा. म्हातारे आईबाप खाणाऱ्यांत मोजावेत, कारण तीन एककांच्या कुटुंबात ते अजून जन्मालाच आलेले नाहीत. आणि दर जाहीर करताना केवळ शेवटची रक्कम न देता संपूर्ण बेरीज, वस्तू आणि भावांसकट, राजपत्रात छापावी, म्हणजे वर्ध्याच्या एखाद्या डॉक्टरला किंवा फडावरच्या मुकादमालाही ती तपासता येईल.